मधलं विमान

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. निवृत्तीनंतर घरात माझ्याकडे आलेलं हे पहिलं खातं. "विमानांच्या वाहतुकीच्या गमतीजमती लिहा, दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं," ते म्हणाले. मी हो म्हटलं. नंतर जेव्हा जेव्हा लिहायला बसलो तेव्हा विलासकडेच येऊन पोचलो. म्हणून आता सरळ विलासबद्दलच लिहितो. गमती वाटेत लागल्या तर घेऊ.

विलास पराते माझा सहकारी. आम्ही एकाच तुकडीत लागलो, बहुतेक सगळी नोकरी नागपूरच्या विमानतळावर शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून केली, आणि त्याच्या तोडीचा कंट्रोलर मी दुसरा पाहिला नाही. हा माणूस अलीकडेपर्यंत नागपूरजवळच्या उमरेडला स्वतःच्या घराच्या गच्चीवर दिवसभर बसून असायचा आणि बायकोने हाका मारल्या तरी जेवायला खाली येत नसे. त्याचं जेवण, त्याची झोप, त्याचं माणसांत येणं परत मिळावं म्हणून आम्ही सगळ्यांनी जमेल ते केलं. काय केलं आणि त्याचं काय झालं, हे कळायला आधी आमचं काम कळायला हवं.

ते लोकांना कळत नाही, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. माझे सासरे लकडगंजातले, त्यांची लाकडाची वखार. मुलगी द्यायच्या वेळी त्यांनी मध्यस्थाला विचारलं, "पोरगा करते काय नेमकं?" मध्यस्थ म्हणाला, "विमानायले रस्ता दाखवते." सासरे म्हणाले, "म्हणजे झेंडीवाला." लग्न झालं, मुलं झाली, मुलांची शिक्षणं झाली, तरी लकडगंजात मी झेंडीवाले जावईच राहिलो. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. मग सोडून दिलं. सासरच्या बारशा-मुंजींना तर मी झेंडी कुठे ठेवली म्हणून पोरं मलाच विचारायची.

दुसरा नेहमीचा प्रश्न असा की एवढं मोकळं आकाश, विमानं एकमेकांना धडकतील कशाला? आकाश मोकळं आहे, पण विमानं मोकळी नाहीत. त्यांचे रस्ते ठरलेले असतात. मुंबईहून कोलकात्याला जाणारा रस्ता आणि दिल्लीहून दक्षिणेला जाणारा रस्ता आमच्या डोक्यावर एकमेकांना छेदतात. आपण देशाच्या मधोमध आहोत याचा अभिमान बाकीचे नागपूरकर फुकट बाळगतात, आम्हाला त्याचा घाम यायचा. वरून जाणारी ही विमानं नागपूरला उतरत नाहीत, आतल्या माणसांना खाली नागपूर आहे हेही माहीत नसतं. त्याशिवाय आमची स्वतःची उतरणारी आणि उडणारी विमानं वेगळी.

या सगळ्यांमध्ये अंतर ठेवणं, एवढंच आमचं काम. एकमेकांच्या वर-खाली असतील तर हजार फूट, एकाच उंचीवर असतील तर रडारवर ठरवून दिलेले मैल. ते अंतर मोडायचं नाही. मोडलं नाही तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून कोणी शाबासकी देत नाही. मी माझी सगळी नोकरी काहीही घडू न देण्यात घालवली. निवृत्तीच्या समारंभात माझ्याबद्दल बोलायला उठलेल्या साहेबांची त्यामुळे फार पंचाईत झाली.

विलास उमरेडचा, हातमाग चालवणाऱ्या घरातला. वडिलांसारखाच पाठ न टेकता बसायचा. रेडिओवर त्याचा आवाज कधी चढला नाही. पायलट लोक त्याला आवाजावरून ओळखायचे, आणि सकाळी त्याचा आवाज ऐकू आला की "आज परातेसाहेब आहेत वाटतं" म्हणून आपसांत बोलायचे. त्याला अनेक विमानं एकदम डोक्यात ठेवता यायची आणि ड्यूटी संपली की सगळी खाली ठेवून तो माझ्या स्कूटरच्या मागे बसून सदरला चहा प्यायला यायचा. हे खाली ठेवता येणं फार महत्त्वाचं असतं. ज्याला ते जमत नाही त्याने या कामात येऊ नये, असं विलासच नव्या लोकांना शिकवायचा.

आता ज्या गोष्टीवर हे सगळं फिरलं ती सांगतो. अंतर ठेवण्याची जबाबदारी आमची, पण ती आम्हाला पायलटकडे सोपवताही येते. दिवस हवा, हवा स्वच्छ हवी, आणि एका पायलटला दुसरं विमान स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं. आम्ही विचारायचं, तुमच्या पुढे डावीकडे अमुक विमान आहे, दिसतंय का? तो म्हणाला दिसतंय, की आम्ही म्हणायचं, मग त्याच्या मागे जा आणि तुमचं अंतर तुम्हीच सांभाळा. तो हो म्हणाला की त्या क्षणापासून त्या दोघांमधल्या अंतराचा मालक तो. यात वाईट काही नाही. गर्दीच्या वेळी याने काम हलकं होतं, आणि डोळ्यांनी पाहणारा माणूस रडारच्या अंतरापेक्षा जवळून विमान नेऊ शकतो, त्यामुळे सगळेच लवकर उतरतात.

पायलटांच्या यातही तऱ्हा असायच्या. एक म्हातारे कॅप्टन होते, ते जबाबदारी कधीच घ्यायचे नाहीत. "दिसतंय मला, चांगलं स्वच्छ दिसतंय, पण सांभाळायचं तुम्हीच. पगार कशाचा घेता?" असं ते हिंदीतून ऐकवायचे आणि त्या फ्रीक्वेन्सीवर ऐकणारे सगळे पायलट हसायचे. याच्या उलट काही जण आमचं वाक्य पुरं व्हायच्या आत "दिसतंय" म्हणून मोकळे. त्यांनी खिडकीबाहेर मान वळवली असेल यावर माझा विश्वास नव्हता. दिसतंय म्हटलं की रांगेत पुढे घेतात, हे त्यांना पाठ झालेलं होतं.

आमच्याकडे तेव्हा प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असायची. प्लास्टिकच्या खाचेत बसवून ती समोरच्या फळीवर ओळीने लावायची. ज्या दोन विमानांचं एकमेकांशी काही निस्तरायचं बाकी आहे त्यांच्या पट्ट्या आम्ही तिरप्या ओढून ठेवायचो. पायलटने "दिसतंय" म्हणून जबाबदारी घेतली की पट्टी बोटाने सरळ करायची. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आमच्या खोलीची ती रीत होती, आमच्या आधीच्या लोकांनी पाडलेली, आणि आम्ही पुढच्यांना दिलेली. तिरपी पट्टी दिसली की नजर तिथे जायची, सरळ पट्टीवर जायची नाही. सवयच तशी झाली होती.

हिवाळ्यातली सकाळ होती. धुकं केव्हाच उठलेलं, ऊन पडलेलं, पार उमरेडच्या खाणीपर्यंत दिसावं अशी हवा. विलास उतरणाऱ्या विमानांच्या खुर्चीवर होता, मी शेजारी, इतर केंद्रांशी बोलायच्या फोनवर. त्या दिवशी विमानं उमरेडच्या बाजूने येऊन उतरत होती. एकामागोमाग तीन आली. त्यांना पुढचं, मधलं आणि मागचं म्हणू. पुढचं आणि मधलं एकाच कंपनीची, एकाच रंगाची. पुढचं जवळजवळ धावपट्टीपाशी पोचलेलं. मधलं वळून रांगेला लागलेलं. मागचं बाजूने येत होतं आणि त्याला मधल्याच्या मागे घालायचं होतं. त्याच वेळी उत्तरेकडून आणखी दोन विमानं एकमेकांच्या वाटेत येत होती, त्यांच्या पट्ट्या तिरप्या होत्या.

विलासने मागच्याला मधलं विमान दाखवलं. दिशा सांगितली, अंतर सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं. मागचा कॅप्टन म्हणाला, दिसतंय. विलास म्हणाला, त्याच्या मागे या, अंतर तुम्ही सांभाळा. कॅप्टन म्हणाला, सांभाळतो. विलासने पट्टी सरळ केली आणि उत्तरेकडच्या दोघांकडे वळला.

कॅप्टन खोटं बोलला नव्हता. त्याला विमान दिसत होतं, त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं. पण ते पुढचं होतं. मधलं त्याच्या नाकाखाली, वाळल्या शेतांच्या रंगात मिसळून गेलेलं होतं. त्याला वाटलं, माझ्या पुढचं विमान तर पार धावपट्टीवर पोचलंय, माझा रस्ता मोकळा आहे. तो वळला आणि खाली येऊ लागला, मधल्याच्या अंगावर.

आम्हाला ते मधल्या पायलटच्या आवाजाने कळलं. विमानात एक यंत्र असतं. दुसरं विमान फार जवळ आलं की ते बोलतं, वर जा किंवा खाली जा. मधला पायलट रेडिओवर ओरडला की यंत्र मला खाली जा म्हणतंय, मी खाली चाललोय. विलासची मान वळली. पडद्यावर दोन ठिपक्यांचा एक झाला होता.

आणि इथे आमचा जो नियम आहे तो बाहेरच्या माणसाला क्रूर वाटेल. यंत्र बोलायला लागलं की आम्ही बोलायचं नाही. आम्ही एक सांगू आणि यंत्र दुसरं सांगेल, त्याने जास्त वाईट होईल, म्हणून त्या वेळी कंट्रोलरने फक्त "कळलं" म्हणायचं आणि गप्प बसायचं. नियम बरोबर आहे, त्याने माणसं वाचली आहेत. विलास म्हणाला, "कळलं." मग तो गप्प बसला. मीही गप्प बसलो. एका ठिपक्याचे परत दोन व्हायची वाट पाहत आम्ही दोघं तिथे बसलो होतो, आणि त्याइतका लांब वेळ माझ्या आयुष्यात दुसरा गेलेला नाही. ठिपके सुटले. दोघांनीही सांगितलं की आम्ही एकमेकांपासून दूर झालो. विलासने त्याच आवाजात मागच्याला परत वर नेऊन फिरवून आणलं, तिघांनाही उतरवलं, उत्तरेकडच्या दोघांचंही निस्तरलं. मग त्याने कानावरचा हेडफोन काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "अरुण, मी पाह्यतच नव्हतो गा."

प्रवासी उतरले, सामान घेतलं, रिक्षावाल्यांशी भांडत घरी गेले. त्यांच्यातल्या कोणाला आजतागायत काही माहीत नाही.

चौकशी झाली. दिल्लीहून एक अधिकारी आले, चांगला माणूस, शांतपणे ऐकणारा. टेप ऐकली गेली. विलासचा प्रत्येक शब्द जसा असायला हवा तसा होता. दिशा बरोबर, अंतर बरोबर, जबाबदारी दिल्याचं वाक्य बरोबर, घेतल्याचं उत्तर स्पष्ट. माझी साक्ष झाली. मला विचारलं, नियमाप्रमाणे झालं का? मी म्हणालो, पूर्णपणे नियमाप्रमाणे. ते खरंच होतं. पट्टी सरळ करण्याबद्दल कोणी विचारलं नाही, कारण ती रीत पुस्तकात नव्हती, आणि नजर कुठे होती हे टेपवर येत नाही.

शेवटच्या दिवशी अधिकाऱ्यांनी विलासला बोलावून सांगितलं, "परातेजी, आप बिलकुल साफ हैं. घर जाइए, आराम से खाना खाइए."

विलासने विचारलं, "मग चूक कोणाची, सर?"

"कॅप्टन की. जिम्मेदारी उनकी थी, उन्होंने ली थी."

"आणि माझी?"

"आपकी नहीं."

त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये सगळ्यांना तर्री-पोहे दिले गेले. लोक विलासची पाठ थोपटत होते. कोणी म्हणालं, "वाचला बे पराते." विलास पोह्यांची प्लेट हातात घेऊन उभा होता, मग त्याने ती तशीच खाली ठेवली. मला वाटलं धक्का आहे, ओसरेल.

मागच्या विमानाच्या कॅप्टनचं उड्डाण काही काळ बंद झालं. त्याला परत शिकायला पाठवलं, परीक्षा घेतल्या, म्हणे चांगलं झाडलंही. काही महिन्यांनी एका सकाळी तो परत आमच्या फ्रीक्वेन्सीवर आला. मी खुर्चीवर होतो, आवाज लगेच ओळखला. मी त्याला पुढचं विमान दाखवलं. तो म्हणाला, थांबा, मला नीट पाहू द्या. बराच वेळ थांबला, मग त्या विमानाचा रंग, उंची, ते कुठे वळतंय, सगळं सांगून म्हणाला की हे असेल तर दिसतंय. उतरल्यावर त्याने विचारलं, "उस दिन जो साहब थे, वो ठीक हैं?" मी ठीक आहेत म्हणालो.

विलास ठीक नव्हता. तो खुर्चीवर परत बसला, पण त्याने त्यानंतर कोणालाही जबाबदारी सोपवली नाही. पायलट आपणहून सांगायचे, पुढचं दिसतंय, आम्ही सांभाळतो. विलास म्हणायचा, नको. लख्ख उन्हात तो विमानांना लांबलांब वळसे घालायला लावायचा. उशीर होऊ लागला, कंपन्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. पण खरं बिघडलं ते वेगळंच. त्याला विमान सोडता येईना. आमच्या हद्दीबाहेर गेलेलं विमान पुढच्या केंद्राच्या ताब्यात दिलं की ते विसरायचं असतं. विलास ड्यूटी संपल्यावर हैदराबादला फोन करून विचारायचा, अमुक विमान पोचलं का नीट? कोलकात्याला विचारायचा. तिकडच्या लोकांना सुरुवातीला गंमत वाटली. एकाने मला विचारलंसुद्धा, तुमच्या साहेबांचे नातेवाईक फार प्रवास करतात का?

मी त्याला समजावलं. सदरच्या त्या चहाच्या टपरीवर बसून किती वेळा समजावलं असेल. "विलास, तुझी चूक नव्हती बे. सगळ्या चौकशीने सांगितलं."

तो म्हणायचा, "मी नजर काढली होती."

"काढायचीच असते. जबाबदारी देऊन टाकल्यावर तिथे पाहत बसलो तर बाकीच्यांना कोण पाहील?"

"ते बरोबर आहे," तो म्हणायचा. "पण मले कोणी ओरडलंच नाही गा."

मला हे बोलणं तेव्हा वेड्यासारखं वाटायचं. सुटला म्हणून नवस फेडावा की ओरडा खायला मिळाला नाही म्हणून रडावं? मी हसण्यावारी न्यायचो. साहेबांनी त्याला बोलावून परत सांगितलं की तुमची चूक नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं. नातेवाइकांनी सांगितलं. चूक तुमची नव्हती हे वाक्य त्याने इतक्या तोंडांतून ऐकलं की शेवटी ते ऐकताना तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसायचा.

पुढे त्याला खुर्चीवरून काढलं. शिक्षा म्हणून नाही, काळजी म्हणून. खालच्या मजल्यावर गाड्यांच्या पासांचं काम दिलं. पगार तोच, हुद्दा तोच. वर रडारच्या खोलीत यायची त्याला बंदी नव्हती, पण तो आला नाही. काही वर्षं पास लिहिले आणि मुदतीआधीच राजीनामा देऊन उमरेडला निघून गेला. आम्ही समारंभ केला, शाल दिली, मी भाषण केलं. भाषणात मी म्हणालो की विलासच्या कारकिर्दीवर एकही डाग नाही. टाळ्या पडल्या.

मी मात्र शेवटपर्यंत राहिलो आणि शेवटच्या काळात नवीन तऱ्हा पाहिली. आता पायलटच्या समोरच पडदा येतोय. आजूबाजूची विमानं त्यावर नावानिशी दिसतात. आम्ही फक्त सांगायचं, अमुक विमानाच्या मागे एवढं अंतर ठेवा, आणि यंत्राच्या मदतीने अंतर पायलटच राखतील. त्याच्या प्रशिक्षणाला मला बसवलं होतं. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "यामुळे कंट्रोलरच्या डोक्यावरचं ओझं खूप कमी होईल." मी खोटं बोलणार नाही, तो पडदा त्या दिवशी असता तर कॅप्टनला पुढचं आणि मधलं यांतला फरक कळला असता. यंत्राशी माझं भांडण नाही. पण जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं की ओझं कमी झाल्यावर आमच्यातला एक माणूस तिथेच बसलेला असेल, पाहत असेल, आणि त्याच्यासमोर दोन ठिपके एक झाले तर त्याला तुम्ही काय सांगणार? ते म्हणाले, "सांगायचं काय त्यात? त्याची जबाबदारीच नसेल." आणि वाटीतला गुलाबजाम संपवून ते हात धुवायला गेले. ही माणसं काय करून ठेवणार आहेत हे त्यांना कधी कळणार नाही, आणि मला सांगता येत नाही. मग निवृत्तीची तारीख आली आणि मी घरी आलो.

यंदा नलू वहिनींचा फोन आला. नलू वहिनी म्हणजे विलासची बायको. त्या कधी तक्रार करणाऱ्या नाहीत. "भाऊजी, एकदा येऊन जा न," त्या म्हणाल्या. "सकाळपासून गच्चीवर बसतात. विमान दिसलं का ते डोळ्याआड होतपर्यंत उठत नाहीत. तवर दुसरं येते. जेवण खाली थंडं होऊन जाते. अंगात काही राह्यलं नाही त्यांच्या. तुमचं ऐकतात, तुम्ही एकदा परत सांगून पाहा का चूक तुमची नव्हती म्हणून."

मी एस.टी.ने गेलो. दुपार होती. खाणीतल्या सुरुंगाने खिडकीच्या काचा थरथरल्या तेव्हा मी गच्चीचा जिना चढत होतो. विलास पत्र्याच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, पाठ न टेकता. एवढा वाळला होता की शर्ट दुसऱ्याचा वाटावा. मला पाहून तो हसला, "ये गा," म्हणाला, आणि परत वर पाहू लागला. आग्नेयेकडून एक विमान खाली येत होतं. ते झाडांआड होईपर्यंत तो बोलला नाही.

आम्ही बोललो इकडचं तिकडचं. कोण वारलं, कोणाच्या मुलीचं लग्न झालं. खालून नलू वहिनींनी दोनदा जेवायला हाक मारली. मग विलासने तोच प्रश्न विचारला. प्रत्येक भेटीत विचारायचा, आरती झाल्यावर प्रसाद मागावा तितक्या सहज. "सांग मले, चूक कोणाची होती?"

माझं उत्तर ठरलेलं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्याचे ते हात पाहिले, मनगटाची हाडं पाहिली, आणि मला एकदम संताप आला. त्याचा आला, माझा आला, दिल्लीच्या त्या भल्या माणसाचा आला. मी म्हणालो, "तुझी होती."

तो वळला.

"कॅप्टनची होतीच," मी म्हणालो, "पण तुझीही होती. तू नजर काढलीस. मीही काढली असती, आपल्या खोलीतल्या कोणीही काढली असती. पण त्या दिवशी खुर्चीवर तू होतास, आणि दोन विमानं तुझ्यासमोर एक झाली. तुझी चूक होती, विलास."

गच्चीला कठडा कंबरेइतकाही नव्हता, मी उठून त्याच्या आणि कठड्याच्या मध्ये उभा राहिलो. डोक्यावर विमानाचा आवाज आला. विलासने वर पाहिलं नाही. तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा मोकळा झाला होता. इतक्या वर्षांत तो चेहरा मी पाहिला नव्हता.

"मग तेव्हा काहून नाही सांगितलं बे?" तो म्हणाला.

"आम्हाला वाटलं, तुला वाचवून राहिलो."

"कॅप्टनले सांगितलं तुम्ही. त्याले झाडलं, शिकवलं, परत पाठवलं. तो परत आला ना?"

"आला."

"मले सांगितलं असतं तर मीही आलो असतो गा."

त्यात राग नव्हता. तो उठला, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "चाल, भूक लागली." आम्ही खाली गेलो. नलू वहिनींनी लगबगीने पानं घेतली. विलास जेवला. भाकरी, वांग्याची भाजी, वरून भात मागून घेतला. वहिनी वाढताना माझ्याकडे पाहत होत्या.

जेवता जेवता त्याने मान वर केली. "अरुण, आता मले परत घेतील का खुर्चीवर?"

वहिनींचा हात भाताच्या भांड्यात थांबला.

"विलास, आपलं वय झालं," मी म्हणालो. "मीही घरीच आहे आता. लायसन्स नाही, काही नाही."

त्याने हातातला घास परत पानात ठेवला. त्याने ही वर्षं मोजलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. "हो, खरं आहे," तो म्हणाला. पानातलं सगळं संपवलं, हात धुतला आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. बाहेर आणखी एक विमान गेलं, तो हलला नाही.

नलू वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या. "किती वर्षांनी दुपारचे झोपले, भाऊजी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आता ठीक होतील. तुमचे लय उपकार झाले." ज्याचे उपकार त्या मानत होत्या ते मी इतकी वर्षं उशिरा सांगितलं होतं, मला त्यांच्याकडे पाहवेना. मी चपला घातल्या आणि एस.टी. स्टँडकडे निघालो.